वैशाखातली नाव

(वडवणीतलं त्रिंबकरावांचं घर. वैशाखातली कलती दुपार. ओसरीवर दोघी बसल्या आहेत : घरच्या मालकीण सरस्वतीबाई आणि त्यांच्या धाकट्या सुनेच्या माहेरी राहणारी तिची आत्या मंजुळाबाई. सुनेचं, छबूचं, सरस्वतीबाईंच्या धाकट्या मुलाशी, उत्तरेश्वरशी, लग्न होऊन गेलं आहे. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती सासरी नांदायला येणार होती; अजून आलेली नाही.)

सरस्वतीबाई : ते समदं ऱ्हाऊ द्या, विहीणबाई. आखितीला आमची गाडी तुमच्या दारात आली आन् रिकामी माघारी गेली. कावून, तेवढं सांगा.

मंजुळाबाई : तेच सांगाया उन्हातानाची आले. जरा वारा लागू द्या अंगाला.

सरस्वतीबाई : गाडीवान म्हनला, दाराला कडी व्हती. शेजारनीनं सांगितलं, समदी नावंत बसून गेली. आखितीच्या तोंडावर, वैशाखात, नावंत. गंगंत म्हसरं डुंबाया पानी न्हाई आन् तुमी नावंत बसता. गाव हासलं मला.

मंजुळाबाई : तिकडं आमाला आमचंबी गाव हासलं. पर शेजारीन खोटं बोलली न्हाई. गेलतो आमी नावंत. मीबी व्हते.

सरस्वतीबाई : मग नीट बसून सांगा की. ओसरीच्या कडंला अर्ध्या काय टेकलाय.

मंजुळाबाई : बसवत न्हाई, विहीणबाई. होळीपासून आमच्या घरात कुनालाच एका जागी बसवत न्हाई. माज्या भावाचं, शहादेवचं, तर इचारूच नगा. जेवता जेवता उठतो, खरकटा हात तसाच घेऊन गंगंच्या दरडीवर जातो, परत येऊन पाटावर बसतो, आन् ताटातलं गार झालं म्हून चिडतो. माजी भावजय तुळजा म्हनती, ह्येंच्या पायाला भिंगरी बांधलीय कुनी.

सरस्वतीबाई : काय झालं काय एवढं?

मंजुळाबाई : मुळापासून सांगते, म्हंजे नंतर तुमाला वाटायचं न्हाई की मंजुळीनं मधलं झाकलं. शहादेव तरनाताठा असताना हैदराबादच्या एका गुत्तेदाराबरूबर पार राजमहेंद्रीला गेलता, मुकादम म्हून. आमचीच गंगा, तिला तिकडं गोदावरी म्हनत्यात, तिथं समुद्राजवळ पसरती. इंग्रजी मुलूख हाय तो. तिथं बंधारा घालून कालवे काढल्यात. कालवा म्हंजे आपल्या मळ्यातला पाट न्हवं. त्यात शिडाच्या नावा चालत्यात. भात, नारळ, बाजारची मानसं, वऱ्हाडंसुदिक नावंतून जात्यात. पुढं आमचे वडील वारले, रान बघाया कुनी ऱ्हायलं न्हाई, म्हून ह्यो माघारी आला. पर त्याचा जीव तिकडंच गुतून पडला.

सरस्वतीबाई : त्यांचा जीव कुठं गुतला, ते आमी कावून ऐकावं?

मंजुळाबाई : कारन छबू त्याच गोष्टींवर वाढली. बाकीच्या लेकरांना राजा आन् रानी, हिला कालवा. ती दारांची गोष्ट तर रोज लागायची तिला. पुढलं पानी उंच आन् मागलं सखल असलं की मधी दगडाची खोली बांधत्यात म्हनं, दोन्हीकडनं दारं लावून. नाव आत घ्यायची, मागलं दार वढायचं, आन् पुढलं पानी हळूहळू सोडायचं. पानी चढतं तशी नाव चढती. आतली मानसं बसल्या जागी उंच व्हत्यात, कुनी वढत न्हाई की ढकलत न्हाई. पोर डोळं मोठं करून ऐकायची आन् दर खेपी शेवटाला इचारायची, आबा, मला कवा नेता? तो म्हनायचा, नेऊ की.

सरस्वतीबाई : आन् नेलं तर न्हाईच. लगीन लावून दिलं.

मंजुळाबाई : दिलं. चांगलं घर मिळालं, सोयरे चांगले मिळाले, बाप खूश व्हता. ते मी नाकारत न्हाई. मग औंदा होळी झाली आन् तुमचा निरोप आला, आखितीला पोरीला धाडा म्हून. त्याच दिवशी जेवताना शहादेव म्हनला, आखितीच्या आधी आपुन समदी कालव्यावर जाऊन येऊ. घरातली समदी. सासरी गेल्यावर तिला कोन नेनार हाय. आमाला वाटलं, बोलून गेला. सकाळी उठून बघते तर सारवलेल्या अंगनात चुन्यानं ही लांबच्या लांब रेघ काढलेली. हितं आपलं गाव, हितनं गाडीनं जालना, जालन्याहून आगीनगाडीनं हैदराबाद, मग बेजवाडा, मग राजमहेंद्री. तिथनं धवळेश्वरचा बंधारा आन् तिथून कालवा, तो पार काकिनाड्यापातुर. जिथं जिथं ती दारांची खोली, तिथं तिथं एकेक चिंचोका ठेवला. तुळजा बिचारी झाडताना वळसा घालून झाडायची.

सरस्वतीबाई : तुळजाबाईंनी इचारलं न्हाई व्हय, की हे काय याड?

मंजुळाबाई : तिनं पयल्यांदा लई तंडून घेतलं. बायकांनी आंघोळ कुठं करायची? तो म्हनला, गावागावाला पायऱ्या हायेत. चूल नावंत कशी पेटवायची? म्हनला, मागल्या अंगाला मातीनं लिंपलेली पेटी असती, तिच्यात. वारा पडला तर? मानसं काठानं दोर धरून वढत्यात. तुळजा एक इचारायची आन् त्याच्यापाशी उत्तर तयार. मग हळूहळू तीबी त्यात शिरली. दशम्या किती दिवस टिकतील, मेतकूट किती न्यायचं, तांदळाच्या मुलखात बाजरीचं पीठ मिळंल का न्हाई. छबूनं जुन्या पासोड्या जोडून छत शिवायला घेतलं. कोनी कुठं बसायचं त्याच्यावरनं भांडनं. माजी जागा मधी, चुलीपाशी, कारन मला पान्याचं भ्या. छबूची पुढं, टोकाला. विहीणबाई, आमच्या घरात दिवाळीलासुदिक तसं बोलनं कवा झालं न्हाई.

सरस्वतीबाई : आन् आखिती? ती कुनाच्या ध्यानात व्हती का?

मंजुळाबाई : माज्या व्हती. कारन निघायचा दिवस ठरंना. पाडव्याला निघू म्हनला, पाडवा गेला. मग रामनवमी झाल्यावर. मग हनुमान जयंतीचं नारळ फोडून. गाठोडी बांधायची, सोडायची, परत बांधायची. दशम्यांना वास आला म्हून त्या म्हशीला घातल्या आन् नव्या केल्या. छबूला रात्रंदिस तेच, आबा उद्या का, आबा उद्या का. शहादेव तिच्याकडं बघायचाच न्हाई. उठायचा, गंगंवर जायचा. मी मनात म्हनले, ह्याला जायचंय का न्हाई?

सरस्वतीबाई : न्हाईच जायचं व्हतं, आसं दिसतंय.

मंजुळाबाई : तुमी मधीच ताडलं. आमाला कळाया अर्धा चैत्र सरावा लागला. राक्षसभुवनाला शनीच्या देवळात एक तेलंगी म्हातारा उतरलता. त्र्यंबकेश्वर करून माघारी निघालता, आपल्या गावाकडं, त्या कालव्याच्याच बाजूला. मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. छबूला खबर लागली. तिनं बापाला सांगून त्याला जेवाया घरी आनवलं. पंगतीला बसवून हिनं आपलं समदं सांगितलं, असं जानार, तसं जानार. म्हातारा घास तसाच धरून ऐकत ऱ्हायला. मग त्यानं शहादेवकडं बघितलं. म्हनला, उन्हाळ्यात? उन्हाळ्यात कालवा बंद असतो पोरी. बंधाऱ्यावरनं पानी तोडत्यात आन् गाळ काढत्यात. नावा चिखलात पोटावर पडल्याल्या असत्यात. मिरगाच्या मागं पानी येतं, तवा ये.

सरस्वतीबाई : मग?

मंजुळाबाई : मग काय! शहादेव त्याला ताक वाढत व्हता, तो वाढतच ऱ्हायला, वाटी भरून खाली सांडलं तरी. म्हातारा गेल्यावर तुळजानं एकच इचारलं, हे तुमाला ठावं व्हतं का? तो म्हनला, व्हतं. गाळ काढनाऱ्यांवरच तर मी मुकादम व्हतो.

सरस्वतीबाई : म्हंजे ठावं असताना पोरीला नादी लावलं.

मंजुळाबाई : लावलं. इतकी वरसं भरल्या पान्याच्या गोष्टी सांगितल्या त्यानं, चिखलाची एकबी न्हाई. माजा असा संताप झाला, मी त्याला नको नको ते बोलले. तुळजा मातर शेनाचं पानी घेऊन अंगनात गेली आन् ती रेघ सारवून टाकली. मग हात धुऊन त्याच्यापुढं उभी ऱ्हायली आन् म्हनली, कावून केलं हे? तो म्हनला, 'नावंचं गाठोडं बांधतीय तवर सासरचं तरी बांधत न्हाई ती.'

सरस्वतीबाई : ऐका. सासरचं गाठोडं. आमी काय पोरीला हिरीत लोटनार हाव का?

मंजुळाबाई : तुमी रागावनार, ते मी धरूनच आले.

सरस्वतीबाई : रागावू नगं तर काय करू? रोटी खाल्ली आमच्या दारात, मांडवात हसून बोलले, आन् आता पोर लपवाया नावा काढत्यात. आमच्यात काय खोट दिसली, ते तोंडावर बोलायचं.

मंजुळाबाई : बोलते. तुमच्या थोरल्या सुनंचं त्याच्या कानावर आलं.

सरस्वतीबाई : बोला. ऐकतीय मी.

मंजुळाबाई : थोरली छबूच्याच वयाची आली व्हती, आन् पयल्याच बाळंतपनात गेली, मूलबी गेलं. गेवराईच्या बाजारात कुनीतरी सांगितलं त्याला. त्याच्या मागोमाग तुमचा निरोप आला. तवापासून त्याचं खान्यापिन्यातलं लक्षच उडालं. आमाला कुनाला बोलला न्हाई. मनात ठेवलं आन् कालव्याचं काढलं.

सरस्वतीबाई : बाळंतपनात बाई जाती. तुमच्या गावात जात न्हाई का?

मंजुळाबाई : जाती. माजी सख्खी जाऊ गेली. आमी तुमाला नावं ठेवली न्हाईत.

सरस्वतीबाई : लोकांनी ठेवली. पान्याला गेले की बायका गप व्हायच्या. आता सोयऱ्यांनीबी तेच. त्यापरीस सांगून टाका, सोयरीक मोडली म्हून. माज्या उत्तरेश्वरला पोरी कमी न्हाईत.

मंजुळाबाई : त्याच भ्यानं तर तो बोलला न्हाई. धाडली तर हे भ्या, न्हाई धाडली तर पोर टाकलेली म्हून घरी बसंल. मानूस दोन्हीकडनं कोंडला की कायबी करतो. मोडायची तर मोडा, तुमचा हक हाय. पर पोर काय म्हनली ते ऐकून मोडा.

सरस्वतीबाई : पोर काय म्हननार. रडली असंल.

मंजुळाबाई : न्हाई रडली. तेच आमाला जड गेलं. गाठोडी सोडली, मेतकूट बरनीत परत भरलं, पीठ डब्यात. पासोड्यांचं छत तेवढं ठेवलं. ते हातात घेऊन बापापुढं गेली. म्हनली, 'कालवा न्हाई तर न्हाई. आपली गंगा हाय ना, तिच्यातनं न्या.'

सरस्वतीबाई : पान्याबिगर?

मंजुळाबाई : डोहाला पानी असतं की. मधी वाळू. म्हाळू कोळ्याची नाव, पावसाळ्यात उतारू पल्याड नेतो ती, काठाला पालथी पडलेली व्हती, फटी उघडल्याल्या. शहादेवनं आन् म्हाळूनं चिंध्या कोंबल्या, राळ लावली, आन् नाव डोहात लोटली. म्हाळू म्हनत व्हता, मालक, ही पानी धरंल का न्हाई मला भरवसा न्हाई. शहादेव म्हनला, बुडायाला तरी कुठं पानी हाय. होळीनंतर पयल्यांदा त्याच्या तोंडून हासं निघालं. मग तुळजाबी चढली. मी चढले, देवाचं नाव घेत.

सरस्वतीबाई : म्हाताऱ्या बाईनं कशाला ती हौस.

मंजुळाबाई : घरात एकटी बसून मी काय केलं असतं? आन् काय सांगू तुमाला, डोहात नाव चालली तवा लई गोड वाटलं. काठाला बगळ्यावानी ढोकऱ्या उभ्या, पानी हिरवंगार, वरून पासोडीची सावली. छबू टोकाला बसलेली, हात पान्यात सोडून. बांबूला पासोडी बांधून शीड केलं तर वारा समोरून आला आन् नाव माघारी निघाली. डोह सरला की समद्यांनी खाली उतरायचं आन् दोर लावून वाळूतनं नाव वढायची, फुडल्या डोहात लोटायची. पोरगी दोराला पुढं. तुमची सून लई ताकदीची न्हाई, पर मागं हटत न्हाई. हाताला फोड आले तरी बोलली न्हाई.

सरस्वतीबाई : आन् आमची गाडी तिकडं दारात.

मंजुळाबाई : आखितीच्या आधी माघारी यायचं व्हतं. पर येताना पानी आनखी उतरलेलं, नाव रुतली, बैल आनाया म्हाळू गावात गेला. आखिती आमची वाळूतच झाली. शहादेवनं मुद्दाम उशीर केला का, ते मला ठावं न्हाई. मी इचारलं न्हाई त्याला. पर गाडी रिकामी गेली ती आमच्यामुळं, ते कबूल.

सरस्वतीबाई : आन् पोर काय म्हनली, ते ऱ्हायलं.

मंजुळाबाई : तिथंच म्हनली, वाळूत. नावंच्या सावलीला बसलो व्हतो. शहादेवनं आपनहून काढलं. थोरलीचं त्यानं जेवढं ऐकलं व्हतं, तेवढं समदं पोरीला सांगितलं. तुळजा खुनावत व्हती, नगा सांगू, पर तो थांबला न्हाई. शेवटाला म्हनला, 'तुला तिकडं धाडाया माजा जीव धजत न्हाई, छबे. आन् घरी ठेवायाबी धजत न्हाई.' पोर वाळूत बोटं खुपसून बसली. आमाला वाटलं, भ्याली. मग इचारलं तिनं, 'आबा, त्या गेल्या तवा त्यांच्याजवळ कोन व्हतं?' त्याला ठावं न्हवतं. मला न्हाई, तुळजाला न्हाई. गेवराईच्या बाजारात ते कुनी सांगितलंच न्हवतं. पोर म्हनली, 'ते इचारून या. मग मी सांगते, जायचं का न्हाई.' पोरीच्या जातीनं असं म्हनावं, मलाबी ऐकाया कसंतरी वाटलं. पर म्हनली खरं. शहादेव सोता यायला निघालता. मीच थांबवलं. त्यानं तुमच्या मालकांना काय इचारलं असतं, आन् मालकांनी काय सांगितलं असतं. हे बाईनं बाईला इचारायचं. म्हून आले. आता तुमी मला हाकलून दिलं तरी चालंल.

सरस्वतीबाई : पानी घ्या आधी. आल्यापासून तांब्याला हात लावला न्हाई तुमी.

मंजुळाबाई : घेते. तुमी सांगा.

सरस्वतीबाई : मी व्हते.

मंजुळाबाई : तुमी.

सरस्वतीबाई : सुईन व्हती, पर ती खाली. उशाला मी. मालक आन् पोरं भाईर अंगनात. तिची आई निघाली व्हती, पोचली न्हाई. लई कळा दिल्या पोरीनं. हाडं कोवळी, मूल सरकंना. मधीच कळा थांबल्या, तर मला म्हनली, मला उठून बसवा, भाईर बघू द्या. सुईन नगं म्हनत व्हती. मी पाठीला टेकू दिला, माज्या अंगावर रेलून बसवलं, दार उघडाया लावलं. अंगनात कोंबडी पिलं घेऊन फिरत व्हती. त्याच्याकडं बघत व्हती ती. म्हनली, एक पिलू कमी हाय. मी मोजाया लागले. मोजून होईस्तवर मान कलंडली.

मंजुळाबाई : घोटभर तुमीबी घ्या.

सरस्वतीबाई : नगं. गाव म्हनतं सासूनं मारली. मी कुनाला काय सांगत बसू. तिच्या आईनंबी आजवर इचारलं न्हाई जवळ कोन व्हतं म्हून. तुमच्या पोरीनं इचारलं.

मंजुळाबाई : एक बोलू का? मग हिला इतक्या जल्दी कावून बोलावलं? तुमच्या मालकांची घाई व्हती?

सरस्वतीबाई : त्यांची न्हाई. माजी. घर खायाला उठतं, विहीणबाई. ती असताना पहाटं दोघी जात्यावर बसायचो, ती समोर. आता मी एकटी खुंटा धरते आन् समोर बघते. पीठ संपायच्या आधीच उठते, पानवठ्यावर जाते, परत येते, पुन्हा बसते. तुमच्या भावाचं तुमी आत्ता सांगत व्हता, तवा मला वाटलं, ही माजंच सांगती. म्हनलं, दुसरी आली की माजा जीव थाऱ्यावर येईल.

मंजुळाबाई : येईलबी.

सरस्वतीबाई : माजा येईल. तिच्या हाडाचं काय? औंदा धाडू नगा तिला. फुडल्या आखितीलाबी नगं. अंग भरू द्या पोरीचं. मी सोता निरोप धाडीन, तवा धाडा.

मंजुळाबाई : आन् मालक?

सरस्वतीबाई : मालकांना मी सांगते. उत्तरेश्वरलाबी सांगते. तो काय बोलनार न्हाई, त्यानं बघितलंय समदं.

मंजुळाबाई : लोक म्हनतील, सून नांदत न्हाई.

सरस्वतीबाई : लोक रिकामी गाडी बघूनबी हासले. आनखी हासू द्या. सोयरीक हाय तशी हाय. दिवाळीला दोन दिस घेऊन या तिला, पाव्हनी म्हून. तुमीच आना. माज्या समोर जात्यावर बसली तरी लई झालं.

मंजुळाबाई : बसंल की. दळाया तिला आवडतं. निघते मग, विहीणबाई. उन्हं कलली. तिकडं तो दरडीवर उभा असंल, माजी वाट बघत. पोरीला काय सांगू?

सरस्वतीबाई : सांगा, मी व्हते.

मंजुळाबाई : सांगते.

सरस्वतीबाई : आन् तुमी मघापासून थोरली थोरली म्हनताय. पोरीला तसं म्हनू देऊ नगा. भिवरा नाव व्हतं तिचं.